काड्यापेटीएवढी पुस्तकं आणि मी उसवलेली शिवण



तुमच्यापैकी काही जण पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहायला बसलाय. 'प्राथमिक साधन म्हणजे काय' याची व्याख्या तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. मलाही येत होती. तरीसुद्धा हातात आलेलं एक प्राथमिक साधन मी स्वतःच्या हाताने बिघडवलं. ते बिघडवलंय हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि ते कळलं ते एका रविवारी मुलांबरोबर कागद कापत बसलो होतो तेव्हा. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी तुम्हाला इंग्लंडमधल्या एका घरात घेऊन जातो, म्हणजे माझी चूक नेमकी किती मोठी होती ते लक्षात येईल.

माझा विषय आहे शाळांमधली हस्तलिखितं. हा प्रकार तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. वर्षातून एकदा शाळेचा हाताने लिहिलेला अंक निघायचा. प्रत एकच. ज्यांचं अक्षर चांगलं त्यांना लिहायला बसवायचं, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ करायचे, आणि स्नेहसंमेलनाला येणाऱ्या पाहुण्यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन व्हायचं. मग तो अंक कपाटात जायचा, आणि कपाट भरलं की बऱ्याचदा रद्दीत. मी पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं की या अंकांमधून 'मुलांचा स्वतःचा आवाज' ऐकू येतो. गाईडनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाल्या, "मुलांनी हाताने केलेल्या पुस्तकांवर ज्यांनी आधी काम केलंय, ते काय म्हणतात ते बघून ये. ब्रॉन्टे भावंडांपासून सुरुवात कर."

शार्लट ब्रॉन्टे म्हणजे 'जेन एअर' लिहिणारी. एमिली आणि अ‍ॅन या तिच्या धाकट्या बहिणी, ब्रॅनवेल हा भाऊ. यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावी वडील पाद्री होते. आई 1821 मध्ये गेली, दोन मोठ्या बहिणी 1825 मध्ये. उरलेली चार मुलं, वडील आणि सांभाळायला आलेली मावशी असं ते घर. जून 1826 मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी सैनिकांचा एक डबा आणला. शार्लट तेव्हा 10 वर्षांची होती, अ‍ॅन 6. मुलांनी एकेक सैनिक वाटून घेतला, त्यांना नावं दिली, शार्लटने आपल्या सैनिकाचं नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टन ठेवलं. सैनिकांचा देश झाला, मग देशाचं राजकारण आलं, आणि देश म्हटला की त्याची मासिकं आणि पुस्तकं हवीतच. ती मुलांनी स्वतः तयार केली.

ही पुस्तकं केवढी होती? 1830 मध्ये शार्लटने 'यंग मेन्स मॅगझिन' नावाच्या आपल्या मासिकाचे अंक काढले. त्यातला दुसरा अंक 35 मिलिमीटर बाय 61 मिलिमीटर आहे. म्हणजे साधारण काड्यापेटीएवढा. पृष्ठं 20 आणि शब्द चार हजारांवर. भागाकार केलात तर एका पृष्ठावर सरासरी दोनशे शब्द पडतात. अक्षर हाताचं, पण छापल्यासारखं सुटं, आणि इतकं बारीक की भिंगाशिवाय वाचता येत नाही. घरी 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' वाचायला मिळायचं, त्याचा सगळा थाट या अंकांमध्ये आहे. अनुक्रमणिका आहे, जाहिराती आहेत, शीर्षकपान आहे. ऑगस्ट 1830 मध्ये शार्लटने स्वतःच्या पुस्तकांची एक यादी केली, त्यात 22 खंड मोजलेत. वय वर्षं 14. (आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या लेखनाची तारीखवार यादी ठेवलीय, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलेला नाही.)

आता इथे नीट थांबा, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम इथून सुरू होतं. पुस्तकं एवढी लहान का?

पहिलं उत्तर कागदाचं. इंग्लंडमध्ये कागदावर कर होता, तो 1861 मध्ये उठला. मुलांच्या हाताला येईल तो कागद त्यांनी वापरला: साखरेच्या पुड्याचा जाड कागद, भिंतीला लावायच्या कागदाचा तुकडा, छापील जाहिरातीचा कपटा. शार्लटने धाकट्या अ‍ॅनसाठी केलेलं एक अगदी सुरुवातीचं पुस्तक आहे, त्याला भिंतीच्या कागदाचंच कव्हर आहे आणि आत जलरंगातली चित्रं. दुसरं उत्तर सैनिकांचं. वाचणारे लाकडी, तर पुस्तक त्यांच्या मापाचं. तिसरं उत्तर असं की मोठ्यांना वाचता येऊ नये. 1833 मध्ये वडिलांनी शार्लटला एक वही दिली आणि तिच्यावर लिहून ठेवलं की यातलं सगळं लेखन स्वच्छ, सुवाच्य अक्षरात असलं पाहिजे. त्या वाक्यात मला वैतागलेला बाप दिसतो.

तिन्ही उत्तरं एकत्र खरी असू शकतात. पण एक बघा. यातलं एकही उत्तर नुसता मजकूर वाचून मिळत नाही. कागद कशाचा, माप काय, कव्हर कुठून आलं, दोरा कसा ओवला, हे सगळं त्या वस्तूत आहे. मजकुराची टंकलिखित प्रत तुमच्यासमोर ठेवली तर यातलं बहुतेक गळून जातं.

चुकांचंही तसंच. अ‍ॅनसाठीच्या पुस्तकात शार्लट बहिणीच्या नावातला एक 'एन' विसरलीय. 1829 सालच्या कवितांच्या छोट्या पुस्तकाच्या नावातच 'राइम्स' या शब्दात वाय आणि एच यांची अदलाबदल झालीय. ब्रॅनवेलच्या लढायांच्या पुस्तकात 'बॅटल'चं स्पेलिंग त्याच्या मनाचं आहे. संपादक यांचं काय करणार? दुरुस्त केलं तर वाचायला सोपं, पण मग दहा वर्षांचं मूल गायब होतं. मला हे वाचताना थोडं कसंतरी झालं, कारण माझ्या लॅपटॉपवर हस्तलिखितांचे उतारे मी सरळ ऱ्हस्व-दीर्घ सुधारून टाइप केले होते. सवयीने. कोणी सांगितलं नव्हतं.

या पुस्तकांचं पुढे काय झालं, हा भाग तर प्रत्येक संशोधकाने वाचावा असा आहे. एलिझाबेथ गॅस्केल यांनी शार्लटचं चरित्र 1857 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांना या कागदांचा गठ्ठा पाहायला मिळाला होता आणि त्यातल्या एका पानाची हुबेहूब प्रतिकृती त्यांनी चरित्रात छापली. नंतर गठ्ठा शार्लटचे पती आर्थर बेल निकोल्स यांच्याबरोबर आयर्लंडला गेला. 1895 मध्ये क्लेमंट शॉर्टर नावाचे पत्रकार त्यांना भेटायला गेले आणि बरीच हस्तलिखितं विकत घेऊन आले. पैसे होते टी. जे. वाईज यांचे. वाईज म्हणजे त्या काळातले नावाजलेले ग्रंथसंग्राहक. त्यांनी काही हस्तलिखितं ठेवली, बाकीची विकली, आणि विकताना ती सोडवून, सुटी करून, नव्या बांधणीत घालून विकली. एका पुस्तकाची पानं वेगवेगळ्या ग्राहकांकडे गेली. त्यातही शार्लटच्या नावाला भाव जास्त, आणि भावंडांचं बारीक अक्षर एकमेकांसारखं, त्यामुळे ब्रॅनवेलचं लेखन बहिणींच्या नावावर खपलं. 1934 मध्ये कार्टर आणि पोलार्ड या दोघांनी कागद आणि टाइप तपासून वाईज यांच्या संग्रहामागची बनावट पुस्तिकांची लबाडी उघडी पाडली, तो स्वतंत्र विषय आहे. पण कागद तपासून पकडले गेलेले वाईज, आणि त्यांनीच या मुलांच्या कागदांची मोडतोड केलेली, हा योगायोग मला फार बोचतो.

पुढे अनेक अभ्यासकांचा वेळ ही पानं पुन्हा जुळवण्यात गेला. कुठलं अक्षर कोणाचं, कुठलं पान कुठल्या अंकातलं. आज नऊ छोटी पुस्तकं हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत, कवयित्री एमी लोवेल यांच्या संग्रहातून आलेली. त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर बघता येतात, अवश्य बघा. 'यंग मेन्स मॅगझिन'चा तो दुसरा अंक 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात 6 लाख युरोंना गेला आणि हॉवर्थच्या संग्रहालयात परतला. कवितांचं ते चुकीच्या स्पेलिंगचं पुस्तक 2022 मध्ये 12.5 लाख डॉलरला विकत घेऊन त्याच संग्रहालयाला देण्यात आलं.

एवढे पैसे कशाचे, हाही प्रश्न विचारा. बातम्यांत लिहिलं जातं की त्या मासिकात पलंगाच्या पडद्यांना आग लागल्याचा प्रसंग आहे आणि तोच पुढे 1847 च्या 'जेन एअर'मध्ये येतो. खरं आहे. पण म्हणजे मुलीने केलेल्या पुस्तकाला किंमत ती पुढे मोठी लेखिका झाली म्हणून. मी ज्या शाळांची हस्तलिखितं वाचतो, त्यातलं कोणी शार्लट झालेलं नाही. मग त्यांची पुस्तकं कशासाठी वाचायची? हा प्रश्न मला व्हायव्हात येणार हे नक्की, आणि त्याचं उत्तर मला ग्रंथालयात मिळालं नाही.

ते मिळालं, किंवा निदान त्याचं एक टोक हाती लागलं, आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात. तिथल्या ताईंनी सुट्टीत मुलांसाठी काहीतरी घे म्हणून सांगितलं. मी म्हटलं, काड्यापेटीएवढी पुस्तकं करूया. दहा-बारा मुलं आली, तिसरी ते सातवीची. साहित्य ब्रॉन्टेंच्या धर्तीवर जमवलं: वाण्याच्या तपकिरी पिशव्या, जुन्या लग्नपत्रिका, चहाच्या पुड्याचा कागद, एक जाड सुई, पांढरा दोरा. हिशेब असा केला की 7 सेंमी रुंद आणि 6 सेंमी उंच असे पाच तुकडे कापायचे, मधोमध घडी घालायची, एकात एक बसवायचे, की वीस पृष्ठं तयार. घडीवर सुईने तीन भोकं पाडायची, दोरा मधल्या भोकातून बाहेर काढून वर-खाली फिरवून परत मध्ये आणायचा आणि गाठ मारायची.

मी हे सगळं सांगेपर्यंत निम्म्या मुलांनी लिहायला सुरुवात केली होती. सुट्या कागदांवर. म्हणजे एका तुकड्यावर डावीकडे पहिलं पृष्ठ, उजवीकडे दुसरं. मग ते तुकडे एकात एक घालून शिवल्यावर काय होणार? सगळ्यात बाहेरच्या तुकड्यावर पहिलं आणि विसावं पृष्ठ शेजारी येतं, त्याच्या पाठीवर दुसरं आणि एकोणिसावं. गोष्टीतला वाघ विहिरीत पडायच्या आधीच बाहेर आला. एक मुलगा रडकुंडीला आला, बाकीची हसत होती. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की आधी कोरं पुस्तक शिवायचं आणि मग लिहायचं. एका मुलीने गोष्ट लिहायच्या आधी मागच्या कव्हरवर उभ्या रेघा ओढून बारकोड काढला आणि किंमत घातली, 'रु. 499, सवलतीत 20'. छापील पुस्तकाची नक्कल करायची हौस दोनशे वर्षांत काही कमी झालेली नाही!

मी मात्र वेगळ्याच गोष्टीकडे बघत होतो. आधी शिवून मग लिहिलेल्या पुस्तकात अक्षरं घडीजवळ आली की दाटीवाटीने बसतात, ओळ वर चढते, कारण हात नीट टेकत नाही. सुट्या कागदावर लिहून मग शिवलेल्या पुस्तकात ओळ सरळ घडीपर्यंत जाते, कधी दोरा अक्षरावरून जातो. म्हणजे शिवणीकडे पाहून सांगता येतं की आधी पुस्तक झालं की आधी मजकूर. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असेलही, पण मला ते सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हाताकडे बघून कळलं.

आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला.

वर्षभरापूर्वी मी एका गावातल्या शाळेत हस्तलिखित पाहायला गेलो होतो. चाळीसएक वर्षांपूर्वीचा अंक. परवानगी होती, फोटो काढायचे होते, पण जाड शिवणीमुळे पानं सपाट होत नव्हती आणि घडीजवळचा मजकूर फोटोत दिसत नव्हता. मी म्हटलं, दोरा तसाही कुजलाय. उसवला. पानं सुटी करून सुंदर, सपाट फोटो काढले. मजकूर तेवढा यावा म्हणून कडा कापून टाकल्या, लॅपटॉपवर. मग नवा दोरा घेऊन, नव्या सुईने, सगळी पानं एकत्र धरून मजबूत शिवून दिली. शाळेतल्या लोकांनी आभार मानले. वाईजसाहेबांचा राग येत असताना मला हे आठवलंसुद्धा नव्हतं.

त्या अंकात दोन पानं वेगळी होती. बाकी सगळ्या पानांवर पेन्सिलीच्या रेघा आखलेल्या, एकाच सुरेख वळणाचं अक्षर, लेखांखाली मात्र वेगवेगळ्या मुलांची नावं, आणि काही ठिकाणी वेगळ्या शाईत केलेल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या. म्हणजे लिहिणारा हात एक, सांगणारी तोंडं अनेक, आणि वर तपासणारे गुरुजी. 'मुलांचा स्वतःचा आवाज' हे माझं वाक्य इथेच लंगडं पडतं. पण ती दोन पानं पातळ कागदाची होती, रेघा नाहीत, अक्षर वेडंवाकडं, दुरुस्ती एकही नाही, खाली नाव नाही. अनुक्रमणिकेत त्यांचा उल्लेख नाही. मजकूर एवढाच की धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहावं लागतं म्हणून शाळा बुडते, आणि शाळेत आलं की काय चाललंय ते कळत नाही.

आता प्रश्न असा. ही पानं मूळ शिवणीत होती का? असतील, तर शाळेने हा मजकूर जाणूनबुजून अंकात घेतला, सुरेख अक्षरात न उतरवता, न सुधारता. ते मोठंच धाडस म्हणायला हवं. नसतील, तर कोणीतरी, कदाचित त्या मुलाने किंवा मुलीनेच, ती पानं नंतर गुपचूप आत सरकवली. दोन अगदी वेगळे इतिहास आहेत हे. आणि उत्तर होतं जुन्या भोकांमध्ये. बाकी पानांवरची भोकं आणि या दोन पानांवरची भोकं जुळतात का, एवढंच बघायचं होतं. मी नव्या सुईने सगळ्या पानांना सारखी भोकं पाडून ठेवलीत. फोटोत कडा नाहीत.

मी परत जाऊन पाहिलं. भिंग घेऊन गेलो होतो. जुनी काही भोकं अजून दिसतात, पण घडीवरचा कागद आधीच झिजलेला आणि मी दोरा ओढताना आणखी फाटलेला. पातळ पानांवर एका ठिकाणी भोक वाटावं असं काहीतरी आहे, ते माझ्या सुईचं की जुन्या दाभणाचं हे खात्रीने सांगता येत नाही. मापं घेतली, या वेळी पट्टी शेजारी ठेवून कडांसकट फोटो काढले, शिवणीला हात लावला नाही.

तुम्ही असं काही पाहायला जाल तेव्हा पहिले फोटो वस्तूचे काढा, मजकुराचे नंतर. बंद पुस्तक, कणा, कडा, मधल्या घडीवरचा दोरा, कव्हरची आतली बाजू. मजकूर नीट दिसत नसेल तर तिथे बसून पेन्सिलीने उतरवून घ्या, चुकांसकट. वेळ लागतो, पण लागू द्या. आणि जमलं तर घरच्या मुलांबरोबर एकदा असं पुस्तक शिवून बघा. मात्र त्यातून लगेच निष्कर्ष काढू नका. आमच्या रविवारच्या मुलांना जेल पेन माहीत आहे, बारकोड माहीत आहे. त्यांच्यावरून 1830 मधली शार्लट किंवा चाळीस वर्षांपूर्वीचं ते गावातलं मूल सिद्ध होत नाही. वस्तूला कुठला प्रश्न विचारायचा, तेवढं मात्र कळतं.

सिनॉप्सिसमधली 'मुलांचा स्वतःचा आवाज' ही ओळ मी काढली. त्या प्रकरणाचं नाव आता 'अंक कोणाच्या हातचा?' असं आहे. त्या दोन पानांबद्दल मी दोन्ही शक्यता मांडल्यात, आणि तळटीपेत लिहिलं की मूळ शिवण पाहणीच्या वेळी संशोधकाने उसवल्यामुळे पुरावा नष्ट झाला. मसुदा वाचून गाईड म्हणाल्या, "हे तळटीपेत नको. वर मजकुरात घे. आणि 'संशोधकाने' काय, 'मी' लिही."

तसं लिहिलंय.